मधल्या खांबाची वाळू

झुल्त्सब्रोन या जुन्या जर्मन गावात पाहण्याजोग्या जागा चारच: वरची वेस, एक काळा दगड असलेले चर्च, लोखंडी झाकणाची विहीर आणि धान्यकोठार. गावची वाटाडी रोझविता क्नाप पाहुण्यांना त्या नेहमी याच क्रमाने दाखवी. गाडी गाठायच्या घाईत कोणी कोठार आधी पाहू म्हणाले, तर ती हसून मान डोलवी आणि वेशीकडेच वळे. तिच्या मते त्या क्रमाला अर्थ होता. वेशीवरची एक खिडकी विटांनी बुजवलेली होती, कारण तिच्यातून एका पहारेकऱ्याने शत्रूला दिवा दाखवला होता. चर्चच्या भिंतीतला एक दगड कोळशासारखा काळा होता, कारण गाव जळाले त्याची आठवण म्हणून तो कधीच धुवायचा नाही असे ठरले होते. विहिरीवर झाकण होते, कारण एका उन्हाळ्यात तिचे पाणी पिऊन खालची आळी ओस पडली होती. “आमच्याकडे बघण्यासारखं म्हणजे जिथं काहीतरी फार वाईट घडलं ते,” असे ती सांगे. पाहुणे हसत. मग ती त्यांना कोठाराच्या रुंद दारापाशी नेई आणि किल्ली फिरवता फिरवता म्हणे, “आणि ही एकच जागा अशी, की जिथं अजून काहीच घडलेलं नाही.”

हे तिचे आवडते वाक्य होते. त्या शरद ऋतूपर्यंत ते तिने न चुकता म्हटले.

रोझविता सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. तिचा जन्म वेशीला लागून असलेल्या घरातला. लग्न होऊन ती जेमतेम चार घरे पलीकडे, कोठाराच्या अंगणात राहायला आली. नवरा ऑयगेन गिलाव्याची कामे करी. अबोल माणूस, भिंतीवर बोटांची पेरे वाजवून ती आतून कशी आहे हे ऐकायची त्याला सवय, आणि ती सवय त्याच्या मागे तिला लागलेली. मूलबाळ नव्हते. लोक म्हणत, कोठार हेच रोझीचे लेकरू. बोलण्यात टोमणा असे, पण खोटेपणा नसे.

कारण कोठार वाचवले होते तिनेच. ती ऐन तिशीत असताना पालिकेने तिथे मोटारी उभ्या करायला मोकळी जागा करायचे ठरवले होते. पाडायला माणसे आली त्या सकाळी रोझविता दारात खुर्ची टाकून विणकाम करत बसली, आणि तिच्या मागोमाग अंगणातल्या बाकीच्या घरांतल्या बायकाही आपापल्या खुर्च्या घेऊन आल्या. चार दिवस त्या तशा बसल्या. तेव्हाचा नगराध्यक्ष शेवटी चिडून म्हणाला, “ठेवा तुमचं खोपट. पण पालिका त्याच्यासाठी बोटसुद्धा हलवणार नाही.” बायका म्हणाल्या, “नका हलवू. आमची बोटं आहेत.”

त्या दिवसापासून कोठार झाडलोटीच्या पाळीत आले. अंगणातल्या जिन्यांची आणि फरशीची पाळी आधीपासून होतीच. जिची पाळी तिच्या दारावर लाकडी पाटी टांगलेली असे, आठवडा संपला की ती पाटी शेजारच्या दारावर जाई. आता पाटीबरोबर कोठाराची किल्लीही फिरू लागली. शनिवारी सकाळी पाळीवालीने कोठार झाडायचे, फरशी भरपूर पाण्याने धुवायची, आणि कमानी पेलणारे तिन्ही खांब झाडांच्या मुळांच्या काड्यांनी बांधलेल्या ताठ ब्रशने, कण पडायचे थांबेपर्यंत घासायचे. खांब मधाच्या रंगाच्या वालुकाश्माचे होते. घासले की त्यांतून बारीक, स्वच्छ वाळू झरे. ती वाळू कोणी टाकून देत नसे. आज्यांच्या काळापासून त्या भागात अशा वाळूने लाकडी जमिनी आणि तळ करपलेली भांडी घासायची रीत होती, आणि थंडीत ती निसरड्या पायऱ्यांवर पसरायलाही लागे. प्रत्येक दाराशी वाळूची एक बादली असे.

आपल्या पाळीत वाळू जास्त निघाली, तर त्याचा अर्थ एकच लावला जाई: आधीच्या बाईने काम उरकले. “मागच्या आठवड्यात कुणाची पाटी होती गं?” एवढा प्रश्न अंगणात मोठ्याने विचारला की पुरे. त्यामुळे कोणीही आपल्या पाळीत किती वाळू निघाली ते सांगत नसे, आणि पुढच्या वेळी दुप्पट जोराने घासत असे.

सप्टेंबर अखेरच्या एका शनिवारी रोझविताबरोबर उत्तरेकडून आलेला एक गट होता. वेस झाली, दगड झाला, विहीर झाली. कोठारात तिने नेहमीचे दोन खेळ केले. आधी एका लहान मुलीला खांब चाटायला सांगितला. “खारट!” मुलगी ओरडली. रोझविता म्हणाली, “धान्य संपलं की इथं मिठाची पोती रचायचे. तीनशे वर्षं झाली, खांब अजून विसरला नाही.” मग दुसरा खेळ. मधल्या खांबाला मिठी मारायची आणि पलीकडे आपली बोटे आपल्याच बोटांना भेटतात का पाहायचे. कधीच भेटत नसत. मोठमोठे लांब हातांचे पुरुष लाल होईपर्यंत ताणत, आणि बाकीचे टाळ्या पिटत.

त्या दिवशी पुढे झाली ती शाळेत शिकवणारी एक सडपातळ बाई. तिने गाल दगडाला टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाली, “भेटली की!”

सगळे हसले. कोणीतरी छायाचित्र काढले. रोझविताही हसली, “तुमचे हात पियानो वाजवणाऱ्याचे असणार,” असे काहीतरी म्हणाली. पण पाहुण्यांना थांब्यापर्यंत पोचवताना तिने दोनदा मागे वळून कोठाराकडे पाहिले.

परत येताना तिने अंगणाच्या कमानीतून आत पाऊल टाकले आणि ती थबकली. कितीतरी वर्षांत म्हणावा तसा बर्फ पडला नव्हता. भांडी घासायला आता सगळ्यांकडे यंत्रे होती. प्रत्येक दाराशी वाळूची बादली काठोकाठ भरलेली होती. काहींनी दुसरी ठेवली होती, एकीने जुन्या टबात साठवली होती. मधाच्या रंगाची, चाळून घेतल्यासारखी वाळू. तिच्या स्वतःच्या दाराशी तीन बादल्या होत्या. ती रोज त्यांच्यावरून येत-जात असे. आज तिला वाटले, कोठार कुणीतरी हळूहळू, बादली बादलीने, दारोदार वाटून टाकले आहे.

दुसऱ्या दिवशी चर्चची घंटा वाजत असताना, गाव प्रार्थनेला गेलेले असताना, ती एकटी कोठारात गेली. इतक्या वर्षांत तिने तो खेळ दुसऱ्यांना खेळायला लावला होता, स्वतः कधी खेळली नव्हती. तिने खांबाला मिठी मारली. तिचे हात आखूड. तरीही पलीकडे मधल्या बोटांची टोके एकमेकांना लागली. तिने हात खाली-वर सरकवून पाहिले. डोक्याच्या वर, जिथे ब्रश पोचत नव्हता, तिथे खांब पूर्वीसारखा जाड होता. खाली मात्र, माणसाच्या छातीच्या उंचीला, तो कंबर काढल्यासारखा आत गेला होता. आणि जाड भाग जिथे बारीक भागावर टेकत होता, तिथून केसासारखी एक भेग वर कमानीकडे गेली होती. तिने पेरे वाजवली. ऑयगेन असता तर त्याने काय ऐकले असते ते तिलाही ऐकू आले. आवाज आखूड आला, मेलेला.

काय करायला हवे ते तिला त्याच क्षणी कळले होते. म्हणून तर तिने काही केले नाही. सध्याचा नगराध्यक्ष ट्राउब हा जुन्यासारखा चिडका नव्हता. तो तरुण, सौम्य, प्रत्येकाचे नाव लक्षात ठेवणारा गृहस्थ होता. वर्षातून एकदा तो तिला सभेत म्हणे, “फ्राउ क्नाप, कोठार उभं आहे तोवर आम्ही त्याला हात लावणार नाही. पण एक दगड जरी निखळला, तरी माणसांच्या जिवाचा प्रश्न येतो, हे तुम्हालाही पटेल.” बोलताना तो इतक्या आपुलकीने वाकत असे, की तिला नेहमी थंडी वाजे. आता तो दगड निखळायला आला होता. ते सांगायचे तर कोठार जाणार. न सांगायचे तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी, चर्चच्या वर्षदिनी, सालाबादप्रमाणे सगळे गाव त्या कमानींखाली बाकांवर बसून नवी वाइन पिणार, कांद्याचा केक खाणार, आणि बँडच्या तालावर टाचा आपटणार.

ती दोन आठवडे गप्प राहिली. सहली घेतल्या, पण खांब चाटायला कोणाला सांगितले नाही आणि मिठीचा खेळ गाळला. “इथं अजून काहीच घडलेलं नाही,” हे वाक्य एकदा सवयीने तोंडात आले, तेव्हा तिने ते अर्ध्यात गिळले आणि खोकल्याचे निमित्त केले. आपली पाळी आली तेव्हा ती कोठारात गेली, दार आतून लावून घेतले आणि ब्रशला हात न लावता तासभर पायरीवर बसून राहिली. शांततेत तिला खांबातून कण पडताना ऐकू येत होते. कोणी न घासताही ते पडत होते.

सोहळ्याच्या रविवारआधीच्या शुक्रवारी मात्र तिच्याने राहवले नाही. पाटी त्या आठवड्यात इर्मगार्ड ग्मेलिनच्या दारावर होती. इर्मगार्डचे घर कोठाराला पाठ लावून होते. दोघी एकाच वर्षी अंगणात लग्न होऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून एकमेकींच्या खिडक्यांचे पडदे मोजत होत्या. सोहळ्यामुळे इर्मगार्डने साफसफाई एक दिवस आधीच काढली होती. ती गुडघ्यांखाली चटई घेऊन मधला खांब घासत होती. साबणाचे पाणी फरशीच्या उतारावरून दाराकडे वाहत होते.

“बूट बाहेर,” मान वर न करता ती म्हणाली. “ओलं आहे.”

“इर्मगार्ड, ब्रश ठेव.”

“का? तुझ्या पाहुण्यांना मळके खांब आवडतात?”

“ठेव म्हणते ना.”

“गेल्या आठवड्यात तुझी पाटी होती तेव्हा मी बोलले का काही? वाळूचा थर इतका होता की त्यात गाजरं लावली असती. गपचूप भरून नेली. याला मैत्री म्हणतात.”

“खांबाला मिठी मार.”

इर्मगार्डने आता मान वर केली. “माझा एरिश गेल्यापासून मी कुणालाच मिठी मारलेली नाही. सुरुवात खांबापासून करू?”

“मार.”

रोझविताच्या आवाजात असे काही होते, की इर्मगार्ड कुरकुरत का होईना, उठली. ओले हात एप्रनला पुसून तिने खांबाला कवेत घेतले. तिचे हात लांब होते. पलीकडे तिची बोटे नुसती भेटली नाहीत. ती एकमेकांत गुंतली. क्षणभर ती तशीच उभी राहिली.

“मी बारीक झाले असेन,” ती म्हणाली.

“तू? नाताळात तुझ्या कोटाचं बटण तुटून पाद्रीबुवांच्या पुढ्यात पडलं होतं.”

इर्मगार्ड हसली नाही. तिने हात सोडवले, खांबाकडे पाहिले, मग स्वतःच्या शेजारच्या बादलीकडे पाहिले. बादली अर्धी भरली होती, आणि अजून दोन खांब व्हायचे होते.

“कुणाला बोललीस?”

“अजून नाही.”

“मग बोलू नकोस. रविवार होऊ दे.”

“रविवारी सगळं गाव याच्या बुडाशी बसणार आहे.”

“गेल्या वर्षीही बसलं होतं. काय झालं? केक उरला, एवढंच.”

“गेल्या वर्षी बोटं भेटत नव्हती.”

“गेल्या वर्षी तू मिठी मारून बघितली होतीस?”

इर्मगार्ड जवळ आली. तिने आवाज खाली आणला, जणू खांब ऐकत होता. “माझ्या स्वयंपाकघराची मागची भिंत ही कोठाराची भिंत आहे, रोझी. हे गेलं की माझी चूल रस्त्यावर येईल. ट्राउब काय म्हणेल ठाऊक आहे? ‘फ्राउ ग्मेलिन, नदीकाठी छान नवी घरं आहेत, लिफ्टसकट.’ मला नको लिफ्ट. आणि तू? तू काय दाखवशील लोकांना? मोटारी?”

“तुझा पुतण्या ढोल वाजवतो ना बँडमध्ये?” रोझविताने विचारले. “कुठं उभा असतो तो?”

इर्मगार्डने खांबाकडे पाहिले नाही, पण दोघींना माहीत होते. तो मधल्या खांबाला टेकूनच उभा असे. ढोल जड, टेकायला बरे पडे.

“वाईट आहेस तू,” इर्मगार्ड म्हणाली. एवढे बोलून ती ब्रश उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. ब्रश तिने उचलला नाही.

शनिवारी सकाळी रोझविता पालिकेत गेली. ट्राउब उठून उभा राहिला, त्याने खुर्ची पुढे केली, कॉफी विचारली. ती बसली नाही. तिने बोटांचे सांगितले, भेगेचे सांगितले, दारोदारच्या बादल्यांचे सांगितले. तिचे बोलणे पूर्ण व्हायच्या आत त्याने हात पुढे केला, आणि हात कशासाठी आहे ते तिला उशिरा कळले. तिने इर्मगार्डकडून आणलेली किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

“तुम्ही योग्य तेच केलंत, फ्राउ क्नाप.”

त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आनंद असता तर तिला निदान राग तरी आला असता. तिथे नुसते हलकेपण होते, बऱ्याच दिवसांच्या आजाऱ्याचे एकदाचे झाल्यावर घरच्यांच्या चेहऱ्यावर येते तसे.

“पाडणार?” तिने विचारले.

“ते नंतर बघू. आज आधी कुणीतरी जाणकार येऊन पाहील. सोहळा अंगणात करू. पाऊस नाहीये.” मग, ती दारापर्यंत गेल्यावर, “कोठाराचा नकाशा आहे का हो तुमच्याकडे? जुना? त्या जागेच्या हद्दी नीट कळतील,” असे त्याने विचारले. ती बाहेर पडली.

दुपारी फ्राउ आयशेले नावाची अभियंता आली. पन्नाशीची, कमी बोलणारी. तिने विजेरी घेऊन तिन्ही खांब पाहिले. मधल्या खांबाच्या कंबरेवर तिने तळहात ठेवला, अंगठ्याने जरा घासले आणि बोटाला लागलेले कण जिभेला लावले. रोझविता आणि इर्मगार्ड दाराशी उभ्या होत्या. आत यायला त्यांना मनाई होती.

“मीठ,” ती म्हणाली.

“पोती ठेवायचे इथं,” रोझविता म्हणाली. “खांबात मुरलंय ते.”

“आणि पाणी? वरून गळतं कुठं?”

“पाण्याचा एक थेंब नाही गळत,” इर्मगार्ड म्हणाली. “छप्पर आम्ही स्वतः शाकारून घेतलंय.”

“मग खांब ओले कसे?”

“धुतो ना आम्ही!” कोठाराची निगा कोणी विचारली की इर्मगार्डचा आवाज आपोआप उंच होई. “दर शनिवारी. भरपूर पाण्यानं, घासून. एक शनिवार चुकलेला नाही.”

“कधीपासून?”

“वाचवल्यापासून.”

फ्राउ आयशेलेने विजेरी बंद केली. मग सावकाश, कोणावर ठपका न ठेवता, जशी एखाद्या आजाऱ्याच्या घरच्यांना सांगावी तशी, तिने गोष्ट सांगितली. मीठ दगडाच्या पोटात निजलेले असते. कोरडे ठेवले तर शतके निजते. पाणी मिळाले की ते विरघळते, पाणी वाळले की पुन्हा खडा धरते, आणि खडा धरताना आपल्याला जागा करायला दगडाचा एकेक कण बाहेर ढकलते. “तुम्ही त्याला दर शनिवारी उठवत होतात,” ती म्हणाली. “आणि जे सुटलं ते ब्रशनं काढून त्याला आणखी आत जायला वाट देत होतात. खांब मळका राहू दिला असता, तर आणखी दोनशे वर्षं उभा राहिला असता.”

इर्मगार्डने एप्रनच्या खिशात हात घातले. रोझविताला चार दिवसांच्या त्या खुर्च्या आठवल्या, विणकामाच्या सुया आठवल्या, ‘आमची बोटं आहेत’ हे वाक्य आठवले. पालिकेच्या यंत्रांना जे एका दुपारी जमले असते, तेच त्यांनी सावकाश, साबण लावून, प्रेमाने केले होते.

जाण्यापूर्वी फ्राउ आयशेलेने मधल्या खांबावरच्या भेगेवर आडवा गिलाव्याचा पांढरा ठसा मारला, अंगठ्याएवढा. तो कशासाठी ते रोझविताला विचारावे लागले नाही. ऑयगेन असे ठसे मारी. ठसा अखंड राहिला तर भिंत झोपली आहे. तुटला तर भिंत चालते आहे.

रविवारी अंगणात बाके मांडली गेली. ढगाळ, वारा पडलेला दिवस. गाव आले, पण तोंडे वाकडी करून आले. वाइन आत कोठाराच्या गारव्यात जशी लागते तशी बाहेर लागत नाही, असे बेकरीवाला मोठ्याने म्हणाला. मागून कोणी म्हणाले, “रोझीला वयानं गाठलं. एकटी खांबाला मिठ्या मारत बसते म्हणे.” “ऑयगेन बरा होता, तो निदान भिंतीलाच ठोकायचा.” हशा झाला. रोझविताने ताटातला कांद्याचा केक चमच्याने बारीक केला आणि खाल्ला नाही. इर्मगार्ड तिच्या शेजारी बसली होती. गावातल्या कोणाला न विचारता ती तिथे येऊन बसली होती, आणि एवढ्यानेच निम्म्या लोकांची बोलणी थांबली होती.

दुपारी फ्राउ आयशेले ठसा पाहायला आली. तिने दार उघडले, उंबरठा न ओलांडता विजेरीचा झोत आत टाकला. आत ती फार वेळ पाहत राहिली नाही. दार लावले, कुलूप घातले, अंगणातल्या पंपावर हात धुतले. मग ती जवळच्या बाकावरच्या पुरुषांकडे जाऊन म्हणाली, “ही टेबलं जरा मागं घेता का? सफरचंदाच्या झाडांपर्यंत.”

“का हो, काय झालं?”

“काही नाही. सावलीत बसा.”

ऊन नव्हतेच. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिले आणि उठून टेबले उचलली. रोझविताने फ्राउ आयशेलेकडे पाहिले. तिने अंगठा आणि तर्जनी जवळ आणली आणि मोडल्यासारखी अलग केली. ठसा तुटला होता.

टेबले मागे गेल्यावर कोठार आणि माणसे यांच्यात फरशीचा एक रिकामा पट्टा उरला. इतक्या वर्षांत तो पट्टा कोणी रिकामा पाहिला नव्हता. बायका त्याच्याकडे पाठ करून बसल्या. ट्राउब हातात पेला घेऊन सगळ्यांची विचारपूस करत फिरत होता. रोझविताच्या खांद्यावर त्याने क्षणभर हात ठेवला आणि पुढे गेला. बँडने जुनी नाचाची धून धरली. इर्मगार्डचा पुतण्या टेकायला खांब नसल्यामुळे ढोल पोटावर पेलत, घामाघूम होऊन वाजवत होता.

धुनीच्या दुसऱ्या फेऱ्यात, ढोल जोरात पडत असताना, त्याच तालात पण ढोलाच्या खालून, एक जड आवाज आला. तो बहुतेकांनी ढोलाचाच समजला. रोझविताने मान वळवली. कोठाराचे दार जागच्या जागी होते, कुलूप लोंबत होते, भिंती उभ्या होत्या. पण दाराच्या खालच्या फटीतून, आत कोणीतरी श्वास सोडावा तशी, मधाच्या रंगाची धूळ बाहेर आली. हलके पसरली. मग तिच्या मागून वाळूची एक अरुंद जीभ उंबरठ्यावर सरकत आली आणि थांबली. थोड्या वेळाने पुन्हा सरकली.

इर्मगार्डनेही पाहिले होते. पाटी अजून तिच्याच दारावर होती. आठवडा संपायला संध्याकाळ व्हायची होती. तिचा झाडू दाराशेजारी भिंतीला टेकून उभा होता. ती उठली. काय करते आहे ते तिचे तिलाही कळले नसावे.

रोझविताने तिचा हात धरला.

“निदान उंबरठा तरी,” इर्मगार्ड पुटपुटली. “लोक बघतायत गं.”

“बघू दे.”

इर्मगार्ड थोडी ओढली गेली, थोडी थांबली, आणि शेवटी खाली बसली. रोझविताने हात सोडला नाही. दोघींची ब्रश धरून निबर झालेली बोटे एकमेकांत अडकून टेबलाखाली राहिली. समोर बँड वाजत होता, बेकरीवाला नवी बाटली उघडत होता, आणि त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे वाळू उंबरठ्यावरून खाली उतरून फरशीवर येत होती.